मागच्या पाळीचा माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मनीषाला, माझ्या बायकोलाही नाही — आणि ती अजून धरून चालते की तिच्यापासून माझं काही लपलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय.

सुरुवात इचलकरंजीपासून करावी लागेल. वडील यंत्रमागावर, आई घरी कांड्या भरायची. एक खोली, एक रॉकेलचा स्टोव्ह. त्यावरच चहा, त्यावरच भाकरी. पाळी संपवून आले की वडील मोठ्यानं बोलायचे, कारण कानात माग अजून चालू असायचा. काही दिवस मात्र बोलायचेच नाहीत. मग आम्ही समजायचो — कापडात फॉल्ट निघाला, आणि पुढच्या पाळीवाल्यानं तो यांच्या नावावर ढकलला. मागावर ते सोपं असतं. फॉल्ट सापडला की म्हणायचं, मागच्या पाळीत झालाय. मागच्या पाळीचा माणूस घरी झोपलेला असतो. तो काय उत्तर देणार?

त्या खोलीतून मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवलं ते वेगळंच.

जर्मनीत नेकारसुल्मला नोकरी लागली तेव्हा जवळच्याच एका खेड्यात हेर ब्रेनर, म्हणजे श्रीयुत ब्रेनर, यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. हेर ब्रेनर म्हातारे, एकटे, द्राक्षांच्या उतारावर आयुष्य गेलेले. त्यांच्याकडे जुना पेट्रोलचा ट्रॅक्टर होता, वेलींच्या दोन ओळींमधून जाईल इतका अरुंद. त्याचा कार्बुरेटर त्यांच्या मुलानं, उवेनं, सगळा सुटा करून पुन्हा जोडला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत उवे मोटारसायकलच्या अपघातात गेला. म्हातारे ट्रॅक्टरजवळून जाताना बॉनेटवर थाप मारायचे आणि कुणीही उभं असो, सांगायचे — हा माझ्या उवेच्या हातचा.

मग एका वसंतात ट्रॅक्टर चढावर गचके खायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, कार्बुरेटर बदला, नवा मिळतो. म्हातारे जिना चढून आमच्या दारात आले.

"हेर इंजिनिअर, तुम्ही सांगा. दुरुस्त होईल की नवाच घालू?"

मी काय करतो ऑफिसात? संगणकावर इंजिनं चालवतो. खरा कार्बुरेटर मी आयुष्यात उघडलेला नव्हता. तेवढं एक वाक्य म्हणायचं होतं — मला नाही येत. पण हेर इंजिनिअर असं कुणी म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. मी म्हणालो, नवा कशाला? मी करतो.

"अहो, घरचा मिक्सर दिवाळीपासून पडलाय," मनीषा आतून म्हणाली, "आणि निघाले ट्रॅक्टर दुरुस्त करायला!"

केलरमध्ये, तळघरातल्या टेबलावर, मी तो उघडला. आतलं सगळं नीट होतं. बुचाचं पॅकिंग उवेनं हातानं कापलेलं, कडा इतक्या सफाईदार की मी बोट फिरवून पाहिलं. फक्त पेट्रोल ज्यातून फवारतं ते पितळी जेट तुंबलेलं. आणि मी काय केलं? लहानपणी स्टोव्ह फडफडला की पिन मारायचं काम माझं होतं. हात तिकडेच गेला. बारीक पोलादी तार घेतली, जेटमध्ये घातली, फिरवली. तार आतच तुटली. तिथं तरी थांबायचं ना? जेट काढायला पाना लावला, जोर दिला, अजून जोर दिला — आणि कार्बुरेटरच्या अंगालाच तडा गेला. वरच्या कडेपासून खालपर्यंत.

मग मी त्या चिरेवर जुनं, काळं ग्रीस चोळलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांना दाखवलं. म्हणालो, तडा जुना आहे, मागे कुणीतरी जास्त आवळलंय. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिरेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे उवे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही याला."

मी गप्प राहू शकलो असतो. तेवढं तरी. पण मी म्हणालो, असेल.

"हो, हो. घाई फार त्याला." आणि मग त्यांनी माझी माफी मागितली. पोराच्या चुकीपायी तुमचा वेळ गेला, म्हणाले. संध्याकाळी आपल्या मळ्यातली वाइनची बाटली वर आणून दिली. मनीषाला फार कौतुक वाटलं. मी ती प्यायलोसुद्धा.

नवा कार्बुरेटर आला, तो मीच बसवला. ट्रॅक्टर सुरेख चालला. गावात माझं नाव झालं. म्हातारे मात्र त्यानंतर बॉनेटवर थाप मारेनासे झाले. एकदा शेजाऱ्यानं विचारलं, उवेनं जोडलेलं ते यंत्र अजून चालतं का? "उवेनं बिघडवलं होतं," ते म्हणाले, "यांनी वाचवलं." मी शेजारीच उभा होतो. हसत होतो.

खरं सांगायला किती वर्षं मिळाली मला? खालचा मजला, वरचा मजला, मध्ये एक जिना. वडिलांच्या बाबतीत कुणी असं केलं की ते जेवत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरीही.

मागच्या हिवाळ्यात हेर ब्रेनर गेले. त्यांची मुलगी खोल्या आवरायला आली आणि ट्रॅक्टरची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, पपांनी सांगून ठेवलंय, हा हेर इंजिनिअरना द्यायचा.

भंगारात टाकतो म्हणून सांगितलेला जुना कार्बुरेटर मी केलरमध्ये ठेवला होता. तो बाहेर काढला. तडा एका वर्कशॉपमधून जोडून घेतला, जेट नवं घातलं. पॅकिंग उवेचंच ठेवलं.

ट्रॅक्टर आता त्याच कार्बुरेटरवर चालतो, चढावरही. उवेनं तो नीट जोडला होता.