सरकारच्या कपाटातला किसन

मस्कतला निघालो त्या सकाळची गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली, पण बॅगेपाशी आलो की बोलणं वळवलं. अशी कित्येक वर्षं गेली. परवा सुगंधाचा फोन आला, म्हणून आता बॅगेपासूनच सुरुवात करतो.

डोळखांबच्या पुढे आमच्या पाड्यावर शहापूरची जीप उभी होती. बॅगेत कपडे, आईने दिलेलं नाचणीचं पीठ आणि शर्टात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट. ती किसनने स्वतःच्या हाताने ठेवली. किसन माझा जिवलग दोस्त, सुगंधाचा थोरला भाऊ. त्यांची आई, आमची भिमाकाकी, तेव्हा भिवंडीकडे वीटभट्टीवर होती.

"तिकडं दोन मशिनी लावून कॉपी काड आन लगेच धाड," किसन म्हणाला. "आयेला दावायचीय. ती बोलते, तू टीव्हीत दिसतोस ही थाप हाय."

त्या कॅसेटसाठी थोडं मागे जावं लागेल. मी कल्याणला आयटीआय करत असताना एका दोस्ताने मला विलायती बँड ऐकवले. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे फार नंतर कळलं. आम्ही 'लांब गाणी' म्हणायचो, कारण एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू खायचं. आधी ऑर्गन, मग वाऱ्याचा आवाज, मग ड्रम, आणि मध्येच कुणीतरी दोन ओळी गाऊन गायब. सुट्टीत मी टेपरेकॉर्डर पाड्यावर नेला. किसन गौरीच्या नाचात ढोलकी वाजवायचा. काकीच्या ओट्यावर बसून त्याने थोडा वेळ ऐकलं.

"गानारा कवा येनार रे? तवर मी जेवून येतो."

जेवून आला, तरी गाणारा आला नव्हता. मग मात्र तो बसला तो उठेचना. "ह्ये आपल्या गौरीच्या नाचासारखं हाय," म्हणाला. "एकदा धरलं का सोडायचं नाय."

पुढे कल्याणात कुणाच्या तरी व्हीसीआरवर मी त्यातल्या एका बँडचे व्हिडिओ पाहिले. धूर, लांब झगे, उघड्या माळावर मांडलेला कीबोर्ड. किसनला ते हातवारे करून सांगितलं, आणि त्याने ध्यासच घेतला. मुरबाडचा एक शूटिंगवाला हळदीसाठी पाड्यावर आला होता. त्याला कोंबडीचं जेवण घालून पटवलं. नदीकाठच्या कातळावर बाकड्यावर पेटी ठेवून मी उभा. मागे धुरासाठी पेटवलेला ओला पेंढा. मधोमध किसन, गळ्यात ढोलकी आणि डोक्यावरून पाठीवर इरलं. पावसात लावणी करताना बायामाणसं घालतात ते, पानांचं. आणि वर कडक ऊन.

"पाऊस कुठाय?" शूटिंगवाला वैतागला. "इरलं कशाला?"

"विलायतवाले काय पाऊस बगून झगे घालतात?"

दम संपेपर्यंत वाजवलं. हळदीला भाड्याने आणलेल्या टीव्हीवर पाड्याने ते एकदा पाहिलं. काकी तेवढी राहिली.

मस्कतला पोचल्यावर मी कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम तोडला. तो तोडला की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. कॉपीसाठी आणखी एक व्हीसीआर मिळवायचा होता, पण साइट, ओव्हरटाइम, रूमवरची स्वयंपाकाची पाळी, यात ते राहत गेलं. मग एका शुक्रवारी टीव्हीवर सांगितलं, पुढचा व्हिडिओ आमच्या त्याच बँडचा. पुन्हा कधी दिसणार नाही असं वाटलं. कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद. मी तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावली. आमचं शूटिंग कॅसेटच्या सुरुवातीलाच आहे, हे मला ठाऊक होतं. पुढे सरकवायला कितीसा वेळ लागणार होता? पण गाणं सुरू झालं होतं. आपलं काय, सुट्टीत परत काढू, असं मनाशी म्हणालो आणि बटण दाबलं.

पहिल्या सुट्टीआधीच किसन कावीळ होऊन गेला. मला निरोप मिळाला तोवर तेरावंही उरकलं होतं.

सुट्टीवर गेलो तेव्हा काकीने पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "कॅसेट आनलीस?" घरात किसनचा एकच फोटो होता, शाळेतला. मागच्या रांगेत, डोळे मिटलेले.

"विमानतळावर कस्टमवाल्यांनी काढून घेतली," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

काकीने रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "तेंनी बगितली असल ना? लावून बगितल्याबिगर कशी ठेवतील?"

तिने तेवढंच धरून ठेवलं. पुढे दर सुट्टीला माझ्यादेखत शेजारणींना सांगायची, "माझा किसन सरकारच्या कपाटात हाय. वाजवतो तिकडं." आणि हसायची. तिचा हा आधार कसा मोडायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोडलं असतं ते माझं नाव.

त्याहून वाईट गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. बँडचं गाणं आमच्यापेक्षा आखूड निघालं. ते संपतं तिथे चित्र थरथरतं आणि आमचं शेपूट उरलेलं दिसतं. कातळ, धूर. किसन चौकटीबाहेर गेलेला. मग खोकला आणि त्याचा आवाज, "झाला काय रे? डोळं चुरचुरतात माझं." एवढं तरी काकीला देता आलं असतं. पण दिलं असतं तर कस्टमचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तेही ठेवून घेतलं.

आता कल्याणला मुलाकडे असतो. एका जागी बसवत नाही. फोनवर ती सगळी लांब गाणी फुकट आहेत. ज्याच्यासाठी मी बटण दाबलं तो व्हिडिओही आहे, तेव्हापेक्षा स्वच्छ. तो संपला की मी खोकल्याची वाट बघतो. फोन लगेच दुसरं गाणं लावतो. मी बंद करतो, गॅलरीत जातो, परत येतो, पुन्हा लावतो.

पाड्यावरून जे बाहेर पडले ते भेटले की विचारतात, घरची आठवण येते का? येते. पण मला घर म्हणजे आता काकीचा तो ओटा, आणि तिथे निवांत बसायचा हक्क मी गमावलाय. तीनदा शहापूरच्या स्टँडपर्यंत गेलो आणि चहा पिऊन माघारी आलो.

सुगंधा, परवा फोनवर तू सांगितलंस ना, तुझा मुलगा म्हणतो, कस्टमला अर्ज करू, जुन्या वस्तू मिळतात? करू नका. तिथे काही नाही. जे आहे ते माझ्याकडे आहे. ये आणि ऐक.

काकी जायच्या आधी एकदा मात्र मी पोचलो. तिला दिसत नव्हतं, ऐकू चांगलं येत होतं. कॅसेटचं ते शेपूट मी फोनमध्ये भरून नेलं होतं. जीपमध्ये बसून वाक्य घोकलं होतं, 'काकी, कुणी काढून घेतली नाही. मीच पुसली. मला माफ कर.' ओट्यावर तिने माझा चेहरा हाताने चाचपला. मी फोन बाहेर काढला.

"काकी, एक सांगायचं..."

"आदी जेव, मंग बोल."

मी जेवलो. ताट धुतलं. खाली जीपचा हॉर्न वाजला आणि मी म्हणालो, "येतो, काकी."