फिरतीचा कोयता

लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की स्वारी जंगलखात्यात कारकून आहे. दिवाळी झाली की हे खातं राहुट्या बैलगाड्यांवर टाकून मुरबाडच्या बाजूला निघतं आणि होळीपर्यंत तोंड दाखवत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मामंजींचाही उभा जन्म याच फिरतीत गेला होता. आता ते पेन्शन घेऊन ओट्यावर बसत.

पहिल्या हिवाळ्यानंतर स्वारी परतली ती तापाने पिवळी पडून. स्वतःच्या हातचं कच्चंपक्कं खाऊन पोटाचीही वाट लागलेली. पुढल्या फिरतीला आपण सोबत जायचंच, असं मी मनाशी घट्ट धरलं. पण ते बोलायचं कुणापाशी? वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची चोरी, आणि सासूबाईंपुढे तर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. दिवाळी जवळ आली तशी मला रडू यायला लागलं. चूल धुमसते म्हणून डोळ्यांना पाणी येतं, असं मी सांगत असे.

आदल्या वर्षी स्वारीने मुंबईहून आणलेला विलायती चाकू नेला होता. त्यात पाती होती, आरी होती, घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडाही होता. आमच्याकडे घोडा नव्हता. सरपणाची फांदी तोडायला गेल्यावर चाकू आपणहून मिटला आणि त्यात बोट सापडलं. ही हकीकत ऐकून सासूबाईंनी जाहीर केलं की यंदा हत्यारं त्या घेतील. पदर खोचून त्या मला घेऊन काळ्या तलावाच्या बाजूच्या लोहाराकडे निघाल्या.

त्यांची सगळी पारख विळीवर तयार झालेली. कुऱ्हाडीचं पातं खड्याने वाजवून त्या कान देऊन ऐकायच्या, मग एक डोळा मिटून धार बघायच्या. बद्द आवाज आला की नको. लोहार पातं हातात द्यायला गेला तर त्यांनी ते जमिनीवर ठेवायला लावलं आणि मग उचललं. धारेची वस्तू हातातून हातात दिली की माणसांत भांडण लागतं, हा आमच्या घरचा कडक नेम होता.

दांडा धामणीच्या लाकडाचाच हवा, म्हणजे घावाचा हिसका हाताला बसत नाही, असं त्यांनी बजावलं. दांड्याचं माप काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत घेतात. कुणाचं घेऊ, असं लोहाराने विचारल्यावर त्यांनी मला पुढे ढकललं. मी हळूच म्हटलं की तिकडचा हात माझ्याहून बराच लांब आहे. माप तेवढं दे, नसत्या चौकशा करू नकोस, असं उत्तर आलं.

कोयत्याचंही तेच. पातं बसवण्याआधी त्याची नुसती लाकडी मूठ लोहाराने माझ्या मुठीत देऊन बघितली, जाड वाटली म्हणून तासली, पुन्हा दिली. नीट बसेपर्यंत सासूबाईंनी त्याला सोडलं नाही. मला संताप आला होता. ज्याला रानात राहायचं त्याच्या हाताचा कुणी विचारच करत नव्हतं. हा खेळण्यातला कोयता घेऊन तो माणूस काय तोडणार होता? त्या संध्याकाळी माझ्या भाकऱ्या चांगल्या बोटभर जाड झाल्या. सासूबाईंनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

निघायच्या दिवशी गाडी दारात लागली. तांदूळ, भांडी, घोंगड्या सगळं चढलं. मी दाराआड उभी होते. सासूबाई फडक्यात गुंडाळलेली हत्यारं घेऊन आल्या आणि कुऱ्हाड त्यांनी गाडीवानाच्या पायाशी ठेवली. कोयता घ्यायला स्वारी पुढे झाली, पण त्या स्वारीला वळसा घालून सरळ दारापर्यंत आल्या आणि कोयता माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"उचल," त्या म्हणाल्या.

मला काहीच कळेना. स्वारी म्हणाली, "आई, अगं, कोयता मला हवाय."

"तुझ्या मुठीत तो बसायचा नाही. ज्याच्या मुठीत बसतो त्याला घेऊन जा." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मी माझे सगळे हिवाळे या रिकाम्या ओट्याकडे बघत काढले, मुली. तू काढू नकोस."

ओट्यावर मामंजी खोकले आणि उगाच रस्त्याकडे बघू लागले. माझं लुगड्यांचं गाठोडं घोंगड्यांखाली कधीचंच जाऊन बसलं होतं, हे मला गाडीत चढल्यावर कळलं.

मी वाकून कोयता उचलला आणि वाकलेलीच होते, तशीच त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडले. चूल तेव्हा विझलेली होती.