सोनाक्कांचा सव्वा तास

सोनाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शिक्षिकांच्या खोलीत टेबलावर पसरलेल्या नकाशावर ओणव्या झाल्या होत्या. दोऱ्याचं एक टोक बंगळूरवर, दुसरं मंगळूरवर. बंगळूरच्या बसवनगुडी भागातल्या त्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. माझं नावही न विचारता त्या म्हणाल्या, "इथं बोट ठेव गं. एकशे सत्त्याऐंशी मैल! विमानाला सव्वा तास. बसला अख्खा दिवस!"

त्या भूगोल शिकवत. घराणं मराठी, पण कैक पिढ्या बंगळुरातलं. बोलण्यात 'बरं'ऐवजी 'सरी' आणि 'जरा'ऐवजी 'स्वल्प' असं कानडी आपसूक यायचं. मंगळूरला त्यांची धाकटी बहीण होती, अंबू. घाटातल्या वळणांनी अक्का इतक्या आजारी पडत, की बहिणींची नऊ वर्षं गाठभेट नव्हती. "मधे फक्त सव्वा तास आहे गं," असं त्या म्हणायच्या, पण विमानात बसायचा धीर मात्र त्यांना कधी झाला नव्हता.

एका ऑगस्टमध्ये तार आली. अंबूचं पोटाचं मोठं ऑपरेशन, दुसऱ्याच दिवशी दुपारी. घाटात दरड कोसळून बस बंद. अक्कांनी तार दोनदा वाचली आणि उठून उभ्या राहिल्या. "सरी, उडायचं! कमल, तू चल. एकटीला स्वल्प भीती वाटते."

सकाळी आम्ही दोघी कानात कापूस कोंबून विमानात बसलो. चाकं जमिनीवरून सुटली तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मोठ्यानं हसल्या. "अगं, लालबाग बघ, लालबाग! अख्खी बाग मुठीत मावेल!" पुढच्या बाकावरचे गृहस्थही वळून हसले.

मग ढग आले. अक्कांची नजर घड्याळावर. सव्वा तास झाला. आणखी दहा मिनिटं गेली, तरी खाली सगळं पांढरंच. त्यांचा चेहरा उतरला. "दुपारच्या आत पोचू ना गं?" त्यांनी हवाईसुंदरीला बोलावून सांगितलं, "उशीर का होतोय, स्वल्प विचारून ये, बाळ." ती पुढं जाऊन आली. "समोरून जोराचा वारा आहे. अजून आठ मिनिटं."

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! नैऋत्य मोसमी वारा! तीस वर्षं मुलींना शिकवते, आणि माझ्याच हिशेबात धरला नाही!" दुसऱ्या क्षणी डोळे चमकले. "म्हणजे येताना हाच आपल्याला ढकलणार!" लगेच पेन्सिल बाहेर.

ढग फाटले. लाल कौलं, माड आणि पलीकडे समुद्र.

इस्पितळात अंबू खाटेवर तयार होऊन पडली होती. "अक्का? घाट तर बंद आहे!"

"वरून आले," अक्का म्हणाल्या. दोघी आधी हसल्या, मग रडल्या, पुन्हा हसल्या. शेवटी परिचारिकेनं त्यांना अलग केलं. ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी अंबूनं डोळे उघडले तेव्हा तिचा हात अक्कांच्याच हातात होता.

आठवड्यानं अक्का वर्गावर गेल्या. मी दारातूनच पाहत होते. त्यांनी फळ्यावर 'बंगळूर ते मंगळूर, विमानानं सव्वा तास' असं आपलं उत्तर लिहिलं, त्याच्यावर लाल खडूनं मोठी फुली मारली आणि मुलींकडे वळल्या. "हे माझं उत्तर. चुकलं. का चुकलं, कोण सांगतं?"

चाळीस हात वर गेले. इतका आनंदलेला वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

पुढं मीही पुष्कळ वर्षं शिकवलं. 'माझं चुकलं' हे वर्गासमोर आवाज न उतरवता म्हणायला मी त्या दिवशी शिकले.