एप्रिलच्या थंडीतला आकडा

अर्लीन फ्लेकने एकोणतीस वर्षं दक्षिण इंडियानातल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला, आणि तेवढीच वर्षं दर शनिवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवली. गाडी जुनी, हिरवी, दोन दारांची. इंजिन तिने स्वतः तीनदा खोललेलं. नवरा जीन गुडघ्यांमुळे आता घडीच्या खुर्चीत बसून बघायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा.

पाव मैलाची सरळ शर्यत, दोन गाड्या. एक वेगवान, एक हळू, तर मजा काय? म्हणून प्रत्येक जण आपली गाडी किती सेकंदांत पोचेल तो आकडा बूटपॉलिशने काचेवर लिहायचा. हळू गाडीला तेवढ्या फरकाने हिरवा दिवा आधी मिळायचा. लिहिल्यापेक्षा जोरात गेलात तर बाद. हवा बघून आकडा रोज बदलता यायचा. अर्लीनला हे फार आवडायचं. आपली गाडी आपल्याला किती कळते त्याचीच ती परीक्षा होती.

त्या वर्षी क्लबने नियम बदलला. अध्यक्ष नॉर्बर्ट हेगमन शाळेत तिच्याच वर्गात होता. त्याचं म्हणणं असं की लोक काचेवर वाटेल ते लिहितात. यापुढे मोसमातली ज्याची त्याची सर्वांत चांगली वेळ हाच त्याचा आकडा, आणि तो क्लब लिहिणार.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जाड जाकीट घालूनही हात गारठले होते. अशा हवेत इंजिन खुशीत असतं, वारंही पाठीमागून होतं. अर्लीनने गाडी पूर्ण जोरात सोडली. बारा पूर्णांक चौऱ्याऐंशी सेकंद. इतकी चांगली वेळ तिला कधीच मिळाली नव्हती. जीनने खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

तोच आकडा तिच्या मानगुटीवर बसला. जूनच्या उकाड्यात गाडी तेरा पूर्णांक वीसच्या खाली येईना. समोर टॉड बीमन, वय पस्तीस, छतांची कामं घेणारा. त्याची गाडी तिच्यापेक्षा खूप जोरात पळायची, पण एप्रिलमध्ये त्याने शेवटच्या टप्प्यात ब्रेक दाबला होता. त्यामुळे त्याचा आकडा बारा-नव्वद, म्हणजे तिच्यापेक्षा हळू. दिवा त्याला आधी मिळायचा. तो तिला तीन गाड्यांच्या अंतराने हरवायचा, तेही आरामात. एकदा नाही, सलग पाच शनिवार कोणी ना कोणी तिला असंच हरवलं.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये क्लबची बैठक झाली. अर्लीन वेळेच्या चिठ्ठ्या घेऊन गेली. प्रत्येकीवर तिने त्या दिवशीचं तापमान लिहिलेलं होतं. तिने त्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"नॉर्बर्ट, किती सेकंद लागले ते तू लिहितोस. कसल्या हवेत लागले ते का नाही लिहीत?"

"अर्लीन, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सगळ्यांना कुठे? जो खरं पळाला त्याला वेगळा, ज्याने मुद्दाम ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला त्याला वेगळा."

मागून टॉड म्हणाला, "मावशी, एप्रिलमध्ये इतकं पळायला सांगितलं कुणी?" हॉल हसला. नॉर्बर्टही हसला, हे तिला जास्त लागलं. मतदान झालं. नऊ तिच्या बाजूने, चौदा विरुद्ध.

मोसमाच्या मध्यावर, जुलैच्या पहिल्या शनिवारी, सगळ्यांचे आकडे दोन चाचण्यांवरून नव्याने ठरायचे होते. जीन सकाळी अंडी खाता खाता म्हणाला, "हे बघ, तूही पाय उचल. सगळे उचलतात. तू काय वरून उतरलीस?"

"अंडी खा," ती म्हणाली. पण दोन्ही चाचण्यांत शेवटच्या रेषेचे खांब दिसू लागताच तिने ब्रेक दाबला. आकडा मिळाला तेरा-साठ. आयुष्यात पहिल्यांदा तिने गाडीला असं मागे ओढलं होतं. पुढे दिवसभर तेच. दिवा लवकर घ्यायचा, पुढे जायचं, मग बाजूच्या गाडीकडे बघत थोडं दाबायचं. ती चार फेऱ्या जिंकली.

अंतिम फेरीत टॉड होता. दोघांनी ब्रेक दाबले, सोडले, पुन्हा दाबले. दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या पाहुण्यांसारख्या दोन गाड्या रेषेपर्यंत आल्या. टॉड दाबायला चुकला, आपल्या आकड्यापेक्षा जोरात गेला आणि बाद झाला. अर्लीन जिंकली.

नॉर्बर्टने करंडक तिच्या हातात दिला. "बघ, चालतो की नाही नियम?"

"आज मी एकदाही गाडी पूर्ण सोडली नाही," ती म्हणाली. "ते लिहून घे."

"त्याला रकाना नाही, अर्लीन."

तिने करंडक टेबलावर ठेवला आणि गाडी ट्रेलरवर चढवायला गेली. त्या मोसमात ती पुन्हा तिथे उतरली नाही. शनिवारी घरात बसून ती जीनवर उगाच खेकसायची. दोनदा तिने पडवी रंगवली.

हिवाळ्यात क्लबने नियम सुधारला. उन्हाळ्यात आकड्याला सूट मिळणार होती. सूचना टॉडची होती. त्याने नवीन इंजिन बसवलं होतं आणि ते उकाड्यात दमायचं. बैठकीत एकही चिठ्ठी मांडावी लागली नाही, विरोधात एकही मत पडलं नाही. कुणीतरी फोन करून अर्लीनला आनंदाने सांगितलं. तिने आभार मानले, फोन ठेवला आणि सिंकमधली एकच कढई अर्धा तास घासत राहिली.

मेमध्ये ती सत्तर मैलांवरच्या दुसऱ्या ट्रॅकवर गेली. तिथे अजून आपला आकडा आपण लिहायचा होता. आभाळाकडे, झेंड्याकडे बघून तिने काचेवर तेरा-शून्य-पाच लिहिलं. गाडी तेरा-शून्य-सहामध्ये आली. पण दिवा लागल्यावर तिचा पाय उशिरा हलला आणि दुसऱ्याच फेरीत एका दंतवैद्याने तिला हरवलं.

परतताना जीनने विचारलं, "काय झालं?"

"झोपले होते मी दिव्यावर. दुसरं काय?" ती चिडून म्हणाली, आणि पुढचे वीस मैल स्वतःलाच शिव्या देत राहिली.