सुमनताईंची साक्ष

सुमनताईंच्या भावाला फोन करून मी म्हणालो, "रविवारी ताईंची साक्ष आहे, तुम्ही या." ही माझी चूक. माझं सगळं आयुष्य चर्चच्या मंडळीत गेलं. त्यामुळे साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून आपल्याला प्रभू कसा भेटला ते सांगणं, एवढंच मला ठाऊक. नामदेवरावांना ठाऊक असलेली साक्ष एकच, कोर्टातली. बहीण बापाच्या जमिनीत वाटा मागतेय असं समजून ते वकिलाला घेऊन तिसगावात आले.

ताई गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच ठेवून निघालो... आणि वाटेत सारखा तोच रविवार आठवत राहिला.

बहीण-भावात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. ताईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा, कुणीतरी काहीतरी देऊन हिला फितवलं, असं नामदेवराव गावभर म्हणाले होते. भाऊबीजही बंद झाली. हा अबोला मी, निवृत्त मास्तर आणि मंडळीचा सेक्रेटरी, एका फोनात मिटवायला निघालो होतो, तेही ताईंना न विचारता.

चर्चच्या दारात घोळ उलगडला. वकीलसाहेब "मग माझं काय काम?" म्हणत चहाच्या टपरीकडे वळले. नामदेवराव मात्र हलले नाहीत. "आता आलोच हाय तर ऐकतो, काय सांगती ती," म्हणाले आणि मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. साक्ष पुढच्या रविवारी ठेवायची का, असं पाळकसाहेबांनी ताईंना हळूच विचारलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, आज त्यो उठून गेला तर पुन्यांदा यायचा न्हाई." आणि उभ्या राहिल्या.

"मालक नगरला दवाखान्यात हुते. शेजारच्या खाटंवर एका बाईची सासू हुती. ती बाई रोज सांजच्याला सासूसाठी प्रार्थना करायची, आन मग मालकांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी. ना वळख, ना पाळख. मालक वाचले न्हाईत. पन त्यांचं नाव देवापुढं इतक्या मायेनं कुनी घेतलं नव्हतं. मला त्यो देव बगायचा हुता." मग त्या मागच्या बाकाकडे वळल्या. "नामदेव, तू रोज डबा घेऊन यायचास. तवाच तुला सांगायचं हुतं. भ्याले... डबा बंद हुईल म्हनून न्हाई. तू यायचा बंद हुशील म्हनून."

नामदेवराव उठले. मी दाराच्या जवळ बसलो होतो; आता आडवं जावं की पाय धरावेत, काही सुचेना. पण ते दाराकडे आलेच नाहीत. पुढच्या बाकाची पाठ धरून म्हणाले, "ती रूथबाई ना? श्रीरामपूरकडची?"

"तुला कसं म्हाईत?"

"डब्यात भाकरी जादा कुनासाठी आनत हुतो मग? उपाशीच बसायची ती." मग ताईंकडे बघून म्हणाले, "तिनं काय दिलं नसंल तुला. तिच्याकडं हुतंच काय."

आणि खाली बसले. आमच्या मंडळीत साक्षीला टाळ्या वाजवत नाहीत. मी वाजवल्या, एकट्यानेच.

त्यानंतर भाऊबीज चुकली नाही. नामदेवराव आपल्या देवांपाशी राहिले, ताई आपल्या प्रभूपाशी. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ताई गावातल्या आजाऱ्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करत. भाऊ आलेला असला तर शेजारी टोपी काढून बसे.

परवा मी ताईंच्या घरावरून जात होतो. नामदेवराव ओट्यावर एकटेच बसले होते. शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, म्हणून मी जरा बाजूला टेकलो.

"सांज झाली, मास्तर. घ्या नावं."

मी डोळे मिटून सुरुवात केली. चार नावं झाली असतील, तोच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यो गनपत मागंच वारला, मास्तर. आन ताई देवाशी बोलायची. तुमी हजेरी घेताय."