पहिलं जाळं सोमाजीचं

गोंडपिपरीच्या एका खासगी केंद्रात दिव्यानीच्या हाताखालून रोज गावोगावचे दाखले जात. दाखल्याची नोंद ब्लॉकचेनवर करायची, म्हणजे पुढे कुणी खाडाखोड केली तर लगेच पकडता येते, हे तिचं काम. पण बटण दाबलं की नोंद लागली, असा भोळा समज कुणी ठेवू नये. नोंद आधी ताटकळते. ती पक्की करणारे संगणकवाले जास्त फीवाली आधी उचलतात, आणि एका खात्यातल्या नोंदींना नंबर असतो, त्या क्रमानंच त्या लागतात.

त्या दिवशी नर्सिंगच्या प्रवेशासाठी आचल नावाच्या मुलीचा दाखला पाचच्या आत पक्का व्हायला हवा होता. चार वाजले, तरी पडद्यावर आपलं ‘पेंडिंग’च. दिव्यानीनं तो तीनदा नव्यानं पाठवला. तिन्ही मागे जाऊन बसले. आचल बाकावर ओढणीचं टोक पिळत होती.

“ताई, माही सीट गेली का वं?”

“जाऊ नाई देत मी.”

शेवटी दिव्यानीनं क्रम तपासला. वाट अडवली होती सकाळच्या पहिल्या नोंदीनं. ती सोमाजीच्या, मासेमारी संस्थेच्या सभासद दाखल्याची. म्हाताऱ्याला कसली घाई, म्हणून तिनंच फी अगदी कमी लावली होती.

फोनवर केंद्राचे मालक खेकसले, “त्याची नोंद काढ, अन् त्याच नंबरावर पोरीची टाक!”

तसं करता आलं असतं. पण दिव्यानीच्या गावच्या तलावात पहिलं जाळं सोमाजीचं, हा रिवाज. ते निघेपर्यंत बाकीचे बांधावर थांबतात. गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले, तेव्हाही कुणी त्याला डावललं नाही. दिव्यानीचे वडील बापूजी त्याच्या नावानं पाण्यात उतरले आणि झपाट्यानं जाळं ओढून बाहेर आले.

“नाई जी,” ती मालकांना म्हणाली. “पयले सोमाजीभाऊचं निंगल, मंग आचलचं.”

तिनं सोमाजीचीच नोंद, त्याच नंबरावर, वाढीव फी लावून पुन्हा पाठवली. मागं अडकलेल्या नोंदींची फी पुरेशी होतीच. मग ती पडद्यासमोरून हलली नाही.

चार अठ्ठेचाळीसला सोमाजीची नोंद लागली, मिनिटाभरात आचलची. आचल रडतच तिच्या गळ्यात पडली.

ती गेल्यावर दिव्यानीनं सोमाजीला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला.

“भाऊ, तुमचा दाखला पक्का झाला.”

“झाला का! सकायपासून फोन हातातच धरून बसलो हावो, पोरी.”