उसात घातलेली पाणंद

नातीची डोंगरात चालवायची सायकल पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा मी तिच्याभोवती दोनदा फिरले आणि विचारलं, "कॅरेज कुठं गेलं?"

"असल्या सायकलला कॅरेज नसतं, आजी."

मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. टायर मात्र ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाचे. टायरांत हवेबरोबर कसला तरी चीक भरलेला असतो म्हणे, बाभळीचा काटा घुसला तर भोक आपोआप बुजतं. माझं माहेर वालचंदनगरच्या कॉलनीतलं. तिथं सपाट डांबरी रस्त्यावर सायकल शिकलेली मी, त्यामुळं सायकलीतलं मला कळतं असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला.

नात बारामतीला कॉलेजात शिकते. तिथल्या पोरापोरींचा एक गट आहे, रविवारी लोणी भापकरच्या बाजूला माळावरनं सायकली उधळत असतो. गटाला आपल्या गावाकडं आणायचं असं हिनं मनात घेतलं. त्यासाठी वाट आखायची होती. आमच्या मागं वनखात्याचा डोंगर आहे. डोंगर म्हणजे काय, सह्याद्रीवाले हसतील, पण हिवर, खैर, बाभळी आणि पावसाचं पाणी अडवायला खणलेले चर यांनी भरलेला आहे. तिथनं उतरायचं, रानातनं नदी गाठायची आणि नीरेच्या काठाकाठानं बंधाऱ्यापर्यंत जायचं, असा तिचा बेत.

माझ्या मुलानं एकच अट घातली होती. डांबरी रस्त्याला सायकल दिसता कामा नये. गाळपाचा हंगाम सुरू होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर झोकांड्या खात येतात, त्यांना मागचं-पुढचं काही दिसत नाही. "डोंगरातनं नदीपातूर रानातनं जाता आलं तर जा. न्हायतर सायकल भिंतीला टांगतो," असं तो म्हणाला. तो उगाच बोलणारा नाही. सायकल टांगायला खिळासुद्धा त्यानं बघून ठेवला होता.

एका सकाळी नात मोबाइल घेऊन चुलीपाशी आली. वरनं, आकाशातनं काढलेला आमच्या रानाचा फोटो होता.

"आजी, बघ. डोंगरापासनं ही वाट येते. इकडं नदीकडची पण वाट दिसते. दोन्ही एका रेषेत आहेत. मधला तुकडा कुठं गेला?"

मधे हिरवागार चौकोन होता. आमचा ऊस.

"मला काय ठावं," मी म्हटलं आणि भाकरी उलटली. ती आधीच भाजून झाली होती.

मला पक्कं ठाऊक होतं. तिथं पाणंद होती. दोन शेतांच्या मधली गाडीवाट, चांगली आठ-नऊ हात रुंद, दोन्ही बाजूंना घायपाताचं कुंपण. आमच्या रानाला पाणी आलं आणि पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनी घायपात काढला, दुसऱ्या वर्षी निम्म्या वाटेवर नांगर घातला, तिसऱ्या वर्षी पाणंद उसात गेली. पलीकडं माझ्या थोरल्या चुलत जावेचं, आक्कांचं रान. त्यांची गाडी बंद झाली. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ओढ्याच्या लांबच्या, दगडधोंड्यांच्या बाजूनं त्यांना यावं लागायला लागलं. त्यांनी तहसीलला अर्ज केला आणि साहेब पंचनाम्याला आले.

बाईमाणसावर साहेब ओरडत नाही, म्हणून ह्यांनी मला पुढं केलं. आणि ती चाळिशीच्या आतली शहाणी बाई, म्हणजे मीच, गेलीसुद्धा. पदर खोचलेला, नाकात नथ. पंचनाम्याला नथ कशाला, पण बाईसाहेबांना वाटलं असावं फोटो काढतील. मोठ्या ठसक्यात म्हणाली, "साहेब, मी हितं नांदायला आल्यापासनं पायवाटसुदीक बघितली न्हाय. गाडीवाट कुठली घिऊन बसलाय?" साहेब हसले. तिला वाटलं, आपण जिंकलो. खाली वळणदार सही केली, कॉलनीतल्या शाळेतलं अक्षर. नांदायला आली होती ती त्याच पाणंदीनं, छकड्यात बसून, मळमळत.

अर्ज फेटाळला गेला, आणि तेव्हापासनं आक्का माझ्याशी बोलत नव्हत्या. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर मधल्या बाईला सांगायच्या, "तिला म्हणावं, वाढायला घ्या."

आता नात कुणाकुणाला विचारत फिरली असती तर गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं सांगितलं असतं. म्हणून मी म्हटलं, "दुसरी वाट हाय. मी दावते."

नातीची शाळेतली जुनी सायकल काढली, पुढं टोपली असलेली. पाटाच्या चारीच्या कडेकडेनं मी ऐटीत निघाले. नात मागनं हळूहळू, तिचा वेग बांधून घातल्यासारखी. चारी संपली तिथं आक्कांच्या उसाचा बांध लागला. या बांधावरनं सरळ नदी, हे मला पाठ होतं. पण माझ्या डोक्यातला बांध बैल चालेल एवढा रुंद होता. आमच्या बाजूनं दर साली नांगराचं एखादं तास जास्त गेलेलं, त्यांच्या बाजूनंही. आता तो वीतभर उरला होता, आणि दीडशे पावलांवर तोही उसात मिळून गेला.

"सरीतनं जाऊ, नदी म्होरंच हाय," मी म्हटलं. सायकली हातात धरून उसाच्या दोन ओळींमधनं आत शिरलो.

आडसाली ऊस, पंधरा महिन्यांचा, वाऱ्यानं लोळलेला. वर आभाळ दिसेना. पूर्वी इथनं डोंगर दिसायचा आणि त्यावरनं माणूस दिशा धरायचा. आता डोंगर कुठल्या अंगाला आहे तेही कळेना. पात गालाला कापत होती. मागं वळले तर आलेली सरी कुठली ते ओळखू येईना. नातीनं मोबाइल बघितला. हिरव्यात एक निळा ठिपका, आणि तो हलत नव्हता.

"आजी, इथं बिबट्या असतो ना?"

"आपल्याला बघून तोबी वाट इचारंल," मी म्हटलं.

तेवढ्यात पाय गार पडले. सरीतनं पाणी येत होतं. कुणीतरी दारं धरून उसाला पाणी सोडलं होतं. काळ्या मातीला तेवढंच पाहिजे असतं. चार पावलांत चाकं मातीनं अशी भरली की फिरेनात. मी टोपलीला धरून उभी, नात घोट्यापर्यंत रुतलेली.

"कोण हाय गं आत?" पलीकडनं हाक आली.

आवाज ओळखला आणि मी नातीच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. सत्तरीला आलेली बाई, चिखलात उभी, आणि तिला वाटत होतं की ऊसतोडीपर्यंत इथंच राहिलं तरी चालेल, पण ह्या बाईनं बाहेर काढायला नको.

नातीनं हात बाजूला केला. "आम्ही अडकलोय! मी पलीकडच्या रानातली." मग माझ्याकडं बघत, "आणि आजी पण आहे."

"आजी असंल तर भ्यायचं काय कारण," आक्का म्हणाल्या. "तिला हितल्या समद्या वाटा म्हाईत हाईत. कुठं वाट न्हाय त्येबी म्हाईत हाय."

"मोठ्या आजी, बाहेर कसं यायचं?"

"मी खोरं वाजवती, त्या अंगाला या. आन आजीला धर, पडंल ती. वजन बी कमी न्हाय तिचं."

त्या खोऱ्यावर दगड वाजवत राहिल्या, आम्ही त्या ठणठणीवर एकेक पाऊल काढत गेलो. पोहोचायला अर्धा तास लागला. आक्कांनी कळशीतलं पाणी नातीच्या ओंजळीत ओतलं, मग न बोलता माझ्याही. नातीनं ओला मोबाइल पुसला आणि तोच फोटो त्यांच्यापुढं धरला.

"डोंगराकडची वाट नदीला कुठनं जात होती?"

आक्कांनी फोटोकडं बघितलंही नाही. "तुझ्या आजीला इचार. सही तिची हाय."

पुढं आक्का, मागं ऊस, मधे ही पोरगी माझ्या तोंडाकडं बघत. पळायला सायकल होती, पण तिचं चाक फिरत नव्हतं.

"आपल्या उसात हाय," मी म्हटलं. "कडंच्या सहा सऱ्या. त्याखाली पाणंद हाय."

"मग मला ठाऊक नाही म्हणालीस ते?"

"खोटं. आन साहेबाला सांगितलं तेबी."

मला वाटलं आक्का काहीतरी बोलतील, निदान हसतील. "थांब, सरी फुटली," म्हणून त्या खोरं घेऊन निघून गेल्या.

घरी ह्यांना सांगितलं. "आता कशाला उकरतीयास?" म्हणाले. मी म्हटलं, "तोडणी झाली की त्या सहा सऱ्यांचा खोडवा ठेवायचा न्हाय, बुडख्यासकट काढायच्या. ठिवला तर मी जाऊन जबानी बदलून येती. ह्या खेपंला नथ न घालता." आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घरात फार शांत वाटलं.

ऊस गेला तसं मुलानं रोटाव्हेटर फिरवला आणि पाणंद मोकळी झाली. सायकल भिंतीवर गेली नाही. रविवारी दहा-बारा पोरं डोंगरावरनं धुरळा उडवत उतरतात, आमच्या कोपऱ्यावरनं सरळ नदीला जातात, जाताना "थँक्यू आजी" म्हणतात. मी हात वर करते. त्यांना काय सांगायचं?

आक्का अजून ओढ्याच्या बाजूनंच येतात. परवा भारा घेऊन चालल्या होत्या. मी पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारली, "आक्का, हितनं या की. जवळ पडंल."

त्या थांबल्या, भारा सावरला. "न्हाय गं. आता त्याच वाटंची सवय झाली," म्हणाल्या, आणि ओढ्याकडं वळल्या.